साताऱ्यात स्वसंरक्षण शिकायचं ठरवलंय? क्लास लावण्याआधी आणि लावल्यानंतर

'क्लास कुठला लावू?' हा प्रश्न मला सतत कुणी ना कुणी विचारतं. शेजारच्या काकू नातीसाठी विचारतात, ऑफिसातली नवी मुलगी स्वतःसाठी विचारते, एखादे वडील मुलीला पुण्याला शिकायला पाठवण्याआधी विचारतात. मी स्वतः पस्तिशी ओलांडल्यावर, नोकरी आणि घर सांभाळून, मॅटवर पाय ठेवला. आता नव्याने येणाऱ्या बायकांचे पहिले काही आठवडे आमचे सर माझ्याकडे सोपवतात. त्यामुळे नवा माणूस कुठे अडतो, कशाला घाबरतो आणि कुठे फसतो, हे मला रोज दिसतं. ते सगळं इथे एकत्र लिहिते आहे.

स्वसंरक्षण म्हणजे मारामारी शिकणं, असं मनात धरून जो येतो तो एक तर लवकर कंटाळतो, नाही तर कुणाला तरी दुखापत करतो. धोका वेळेवर ओळखणं, ठाम बोलणं, निसटणं आणि योग्य वेळी थांबणं, हा या शिक्षणाचा मोठा भाग आहे. हात चालवायची पाळी त्यानंतर येते, आणि आली नाही तर उत्तम. क्लास निवडताना हेच मोजमाप हाताशी ठेवा.

१. आधी स्वतःला विचारा, कशासाठी?

एमआयडीसीतल्या दुसऱ्या पाळीवरून रात्री घरी येणारी बाई, एसटीच्या गर्दीत रोज त्रास सहन करणारी कॉलेजची मुलगी, दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळावेत म्हणून आईवडिलांनी धाडलेला मुलगा, आणि पूर्वी काही वाईट भोगलेली, आता अंगात पुन्हा बळ यावं म्हणून आलेली एखादी. चौघांची गरज वेगळी, म्हणून चौघांचा क्लासही वेगळा असू शकतो.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनीच लक्षात घ्यावी. आपल्या डोळ्यांसमोर येतो तो अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल मात्र वर्षानुवर्षे सांगतात की बलात्काराच्या बहुसंख्य गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, मित्र, कामावरचा कुणी. ओळखीच्या माणसाला 'नाही' म्हणणं ठोसा मारण्यापेक्षा कितीतरी कठीण जातं. जो क्लास यावर एक शब्दही बोलत नाही, तो अर्धंच शिकवतो.

२. इथे काय काय शिकता येतं

कुस्ती आपल्या मातीतलीच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुणी घट्ट धरलं की अंग गोठतं. धरलेल्या अवस्थेत श्वास चालू ठेवून हालचाल करायची सवय कुस्तीइतकी दुसऱ्या कशाने लागत नाही. मुलींना शिकवणारं केंद्र असेल आणि तिथे आधीपासून चार मुली येत असतील, तर लेकीला बिनधास्त घाला. पेठेतल्या जुन्या तालमीत मोठ्या बाईने जाऊन प्रवेश मागणं अजूनही अवघडच आहे, हेही सरळ सांगते.

ज्यूदो १८८२ साली तोक्योत जिगोरो कानो यांनी सुरू केलं. जुजुत्सु या जुन्या जपानी युद्धकलेतले जास्त धोक्याचे डाव सरावातून बाजूला काढून त्यांनी अशी पद्धत बसवली की दोघांनी पूर्ण जोर लावला तरी दोघंही धडधाकट घरी जातील. पडायला शिकायचं असेल तर ज्यूदोच. माझा कल इकडे आहे आणि तो मी लपवत नाही.

कराटे आणि तायक्वांदोचे क्लास सगळ्यांत जास्त, शाळाशाळांच्या मैदानांवर भरतात. अंतर राखणं, पाय चालवणं, चपळाई यांसाठी चांगले. पण वर्षभर हवेतच ठोसे मारून घेणारे क्लासही यातच आहेत, तेव्हा पारखून घ्या. बॉक्सिंगमध्ये ठोसा येताना डोळे उघडे ठेवायला शिकता, आणि तेवढं एक शिकलात तरी पुष्कळ.

लाठी-काठी, दांडपट्टा हे मर्दानी खेळ मुलींनी शिकावेतच. मनगट, खांदे, पाय एका तालात येतात आणि चारचौघांत उभं राहायची भीड मोडते. फक्त लाठी शिकलो म्हणजे रस्त्यावर सुरक्षित झालो, असं मानू नका. संध्याकाळी भाजी घेऊन परतताना तुमच्या हातात लाठी नसते.

दोन दिवसांची शिबिरं कॉलेजं भरवतात, महिला मंडळं भरवतात. सरकारी शाळांत समग्र शिक्षा अभियानातून सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण असतं, तेही तीन महिन्यांचं. दोन दिवसांत माहिती कळते, पण अंगवळणी काही पडत नाही. शिबिराला जरूर जा आणि नंतर नियमित क्लास लावा.

कुठे काय चालू आहे हे कळायला छत्रपती शाहू क्रीडा संकुलात एक संध्याकाळ चक्कर मारा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात कुठल्या संघटना मान्यताप्राप्त आहेत हेही विचारता येतं.

३. पहिल्या दिवशी फक्त बघायला जा

पैसे घरी ठेवून जा. पूर्ण तास बसून बघा, आणि तेही सर तुमच्याकडे लक्ष ठेवून आहेत तेव्हा नाही, तर सरावात गुंतले आहेत तेव्हा. बसू देत नसतील तर तिथूनच परत फिरा.

जमीन बघा. पाडापाडी शिकवत असतील आणि खाली मॅट किंवा खणलेली माती नसेल, नुसती फरशी असेल, तर विषय संपला. प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे ते विचारा आणि उघडून बघा. कपडे बदलायला बायकांना वेगळी, आतून कडी लागणारी जागा आहे का तेही बघा.

मग माणसं बघा. नव्या, घाबरट मुलीशी जुने कसे वागतात? एखादी चुकली तर सर सगळ्यांसमोर हसतात का? दुखतंय म्हटल्यावर सराव थांबतो, की 'एवढ्याने काय होतं' ऐकायला मिळतं? अंगाला हात लावून दाखवायचं असेल तेव्हा शिकवणारा आधी सांगतो का, 'मी मनगट धरतोय, चालेल?' हा शेवटचा प्रश्न मी सगळ्यांत वर ठेवते. दुसऱ्याच्या अंगाला विचारून हात लावायचा, हे जिथे शिकवणाऱ्यालाच ठाऊक नाही, तिथे स्वसंरक्षण शिकायला बसण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे गुरूला मान द्यायची रीत आहे आणि ती चांगली आहे. मॅटवर येताना वाकून नमस्कार होतो, तालमीत मातीला हात लावून कपाळाला लावतात. पण मान देणं म्हणजे तोंड बंद ठेवणं नव्हे. एकट्या मुलीला बंद खोलीत 'स्पेशल प्रॅक्टिस', रात्री उशिरा वैयक्तिक मेसेज, बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींसोबत एकही बाई नाही, पालकांना आत मज्जाव: यातलं एक जरी दिसलं तरी बाहेर पडा आणि इतर पालकांनाही सांगा.

आता पैशाचे सापळे. महिन्याची फी कमी सांगतात आणि मग दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा, तिचं शुल्क, ड्रेस त्यांच्याकडूनच, सर्टिफिकेटचे वेगळे, स्पर्धेचे वेगळे. म्हणून 'वर्षाचा सगळा मिळून खर्च किती?' असं विचारा आणि पावती मागा. वर्षभरात ब्लॅक बेल्ट देऊ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. नेटाने सराव करणाऱ्यालाही त्याला काही वर्षं लागतात. मुलाला दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी घालणार असाल, तर कुठल्या स्पर्धा त्यासाठी धरल्या जातात हे आधी जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारून घ्या. एखाद्या हॉलमध्ये भरवलेल्या 'नॅशनल'चं पदक गळ्यात छान दिसतं, पण ऐन वेळी फॉर्मला ते चालत नाही आणि पोरगं रडवेलं होतं.

४. कागदपत्रं आणि सामान

कागद थोडेच लागतात:

- आधारकार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो
- मुलांसाठी पालकांचं संमतिपत्र. स्पर्धेला पाठवणार असाल तर जन्मदाखला
- डॉक्टरांचा फिटनेस दाखला (क्लासने मागितला नाही तरी चाळिशीपुढच्यांनी, आणि बीपी, शुगर, दमा, गुडघे-कंबर यांचा त्रास असणाऱ्यांनी घ्याच)
- रक्तगट आणि घरच्या दोघांचे फोन नंबर, एका कागदावर

गरोदरपणात पाडापाडी पूर्ण बंद. पाळीच्या दिवसांत झेपेल तेवढं करा. जड वाटत असेल तर 'आज मी बाजूला बसते' एवढं सांगितलं की पुरे, कारण सांगायची सक्ती कुठे असू नये.

पहिला महिना ट्रॅकपँट आणि अंगाला बसणारा जाड टी-शर्ट चालतो. ड्रेस नंतर घ्या. ज्यूदोचा ड्रेस गोधडीसारखा जाड असतो आणि जुलै-ऑगस्टात साताऱ्यात तो चार चार दिवस वाळत नाही. पावसाळ्यात शिकायला लागलात तर सुती कराटे ड्रेसवर निभावून न्या किंवा दुसरा जोड ठेवा. ओला ड्रेस घालून सराव केला की अंगाला नायटा होतो आणि तो साऱ्या क्लासभर पसरतो. ठोशांचा सराव असेल तर दातांचं गार्ड स्वतःचंच घ्या. नखं कापलेली हवीत आणि केस बांधायला साधं रबर, टोकदार क्लिप नको.

दागिन्यांचं जरा सविस्तर सांगते, कारण नव्या बायका इथेच संकोचतात. बांगड्या, अंगठ्या, कानातले काढायचे. जोडवी मॅटच्या सांध्यात अडकतात आणि बोट मुरगळतं, म्हणून तीही काढायची. घट्ट बसली असतील तर वरून चिकटपट्टी गुंडाळायची. मंगळसूत्राची पोत दुसऱ्याच्या बोटात अडकली तर गळा कापतो. ते काढायला मन धजत नसेल तर घरूनच छोटी चेनची पिशवी आणा, त्यात ठेवा, पिशवी बॅगेत ठेवा. यावरून कुणी टोमणे मारू नयेत आणि तुम्हीही मनात काही आणू नका.

५. पहिला महिना: पडणं, आवाज, अंतर, मनगट

पहिल्या दिवशी कुणी तुम्हाला ठोसा शिकवणार नाही. पडायला शिकवतील. मॅटवर बसायचं, गुडघे दुमडलेले, हात छातीसमोर. हनुवटी छातीला टेकवायची आणि तिथेच ठेवायची. मग पाठ गोल करून मागे लवंडायचं, आणि पाठ टेकता टेकता दोन्ही हात अंगापासून थोडे लांब, तळव्यापासून कोपरापर्यंत एकदम मॅटवर आपटायचे. त्याच क्षणी तोंडाने श्वास सोडायचा. हात आपटल्याने पडण्याचा मार मोठ्या भागावर विभागला जातो, हनुवटी आत असल्याने डोकं मागे आदळत नाही. बसून जमलं की उकिडवं, मग उभं राहून. आपल्याला जन्मभराची सवय असते पडताना तळवा मागे टेकवायची. मनगटं मोडतात ती त्यामुळेच. ही सवय मोडायलाच महिना जातो आणि तो महिना वाया गेला असं समजू नका. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून घसरताना हेच उपयोगी पडतं, आणि आयुष्यात गुंडापेक्षा शेवाळ जास्त वेळा भेटतं.

आवाजाचा सराव बायकांना पडण्यापेक्षा अवघड जातो. 'ओरडा' म्हटलं की तोंडावर हात धरून हसू येतं. 'अहो दादा, प्लीज जरा...' अशी सुरुवात होते. धक्का मारणाऱ्याला दादा म्हणायची गरज नाही. छोटं वाक्य, पोटातून, आज्ञेसारखं: 'मागे हो!' 'हात काढ!' गर्दीत असाल तर खूण सांगून: 'निळा शर्ट, हात काढ!' खूण सांगितली की दहा माना तिकडे वळतात आणि तो एकटा पडतो. एसटीत असाल तर थेट 'कंडक्टर, गाडी थांबवा!' नुसतं 'वाचवा' म्हटलं तर लोक एकमेकांकडे बघतात. एकाला नेमून सांगा: 'लाल साडीवाल्या काकू, एकशे बाराला फोन लावा.' (११२ हा आणीबाणीचा मदत क्रमांक.) माणसाला नेमकं काम दिलं की तो ते करतो.

अंतर म्हणजे तुमचा हात लांब केला तरी समोरच्याला लागणार नाही, इतकं. तो जवळ आला तर एक पाय मागे घ्यायचा आणि दोन्ही हात छातीच्या उंचीवर, तळवे त्याच्याकडे. बघणाऱ्याला तुम्ही 'थांबा, भांडायचं नाही' म्हणताय असंच दिसतं. तुमचे हात मात्र तोंड वाचवायला तयार असतात.

मनगट सोडवताना नवे लोक नुसते मागे ओढतात. ताकदवान माणसापुढे ते चालत नाही. त्याची मूठ बघा: अंगठा आणि बोटं जिथे मिळतात, तिथे पकड सगळ्यांत कच्ची असते. एक पाऊल त्याच्याकडे टाकायचं, आपलं कोपर पोटाशी आणायचं आणि मनगट त्या फटीच्या दिशेने वळवून झटक्यात काढायचं. सुटलं की पळायचं. हे जोडीदाराने खरोखर घट्ट धरून करायला हवं. जोडीदार आपणहून सोडत असेल तर तुम्ही फक्त नाच बसवताय.

६. थाप: या शिक्षणातला सगळ्यांत मोठा नियम

ज्यूदोत, जुजुत्सुत कुणी तुमचा हात पिरगळला, गळा आवळला आणि सहन होईना झालं, की त्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थाप मारायची. थाप ऐकू आली की समोरच्याने तत्क्षणी सोडायचं. 'अजून थोडं' नाही, 'मस्करी केली' नाही. सरांनी ज्यूदोत 'मात्ते' म्हटलं, कराटेत 'यामे' म्हटलं, म्हणजे 'थांबा' म्हटलं, तर वार अर्ध्यावर असला तरी थांबायचं. कुस्तीत थाप नसते, पण पाठ टेकली की कुस्ती सुटली. त्यानंतर हात मिळवायचा, चिडून ढकलायचं नाही.

मी नव्या लोकांना सांगते, तुमच्या प्रगतीची परीक्षा इथे होते. किती जोरात फेकता यापेक्षा थाप ऐकल्यावर किती लवकर सोडता, हे मी बघते. ज्याचा 'नाही' समोरच्याला ऐकू जायला हवा आहे, त्याने आधी दुसऱ्याचा 'नाही' ऐकायला शिकलं पाहिजे. आमच्या क्लासमध्ये कॉलेजची मुलं आणि मुली एकत्र सराव करतात. एका मुलीने थाप मारली आणि आपल्यापेक्षा बलवान मुलाने त्याच क्षणी हात सैल केला, हे रोज घडताना बघणं त्या मुलांच्या दृष्टीनेही फार मोठं शिक्षण आहे. हे मुलग्यांनीही शिकावं असं मी म्हणते ते त्यामुळेच.

कानो यांनी ज्यूदोचं एक तत्त्व सांगितलं: स्वतःचं आणि दुसऱ्याचं भलं बरोबरीने. जोडीदाराचं शरीर तुम्ही उसनं घेता. ते जखमी करून परत दिलंत तर उद्या तुमच्याबरोबर सराव करायला कोण येणार? शोतोकान या कराटेच्या शैलीचे जनक गिचिन फुनाकोशी यांच्या वीस सूत्रांत 'कराटेत पहिला हल्ला नसतो' असं एक सूत्र आहे. पेठेत कुणी वाकडं बोललं म्हणून अंगावर धावून जाणारा ब्लॅक बेल्टवाला ते सूत्र फक्त पाठ करून बसलेला असतो.

७. कायदा काय म्हणतो, तेवढं माहीत हवंच

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यातली कलमं ३४ ते ४४ स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या बचावाबद्दल आहेत. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव, शरीर, मालमत्ता वाचवताना केलेली कृती गुन्हा ठरत नाही. त्याला मर्यादा आहेत आणि त्या कलम ३७ मध्ये आहेत: पोलिसांची मदत घ्यायला पुरेसा वेळ असेल तर हा अधिकार मिळत नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला किंवा जिवावर बेतणारा हल्ला असेल, तर हा अधिकार हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंतही जाऊ शकतो. ते कलम ३८.

व्यवहारात याचा अर्थ असा की धोका आहे तोवरच तुमचा अधिकार आहे. तो पडला, पळाला, तर तुमचं काम संपलं. पडलेल्याला चार लाथा घातल्या तर तुम्ही फिर्यादीच्या आरोपी होऊ शकता. मॅटवर थाप ऐकून थांबायची सवय लागलेली असते ती इथे कामी येते.

लाठी-काठी शिकणाऱ्यांना आणखी एक सूचना. सणासुदीला, निवडणुकीला, मोर्चे-आंदोलनांच्या काळात जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. त्यात काठ्या, लाठ्या, तलवारी सार्वजनिक ठिकाणी बाळगायला बंदी असते. क्लासला जाताना लाठी हातात मिरवत नेऊ नका, आणि प्रात्यक्षिक असेल तर आयोजकांनी परवानगी काढली आहे का ते विचारा.

८. रोजच्या वाटेवर

क्लासबाहेरचा हा सराव फुकट आहे. एसटी स्टँडपासून राजवाड्यापर्यंत, किंवा तुमच्या नेहमीच्या वाटेने, एकदा नुसतं बघत चाला, मोबाइल पर्समध्ये ठेवून. उशिरापर्यंत कुठलं मेडिकल उघडं असतं? दिवे कुठे नाहीत? कुठल्या दुकानदाराला तुम्ही नावाने ओळखता? चार भिंतीकडे, अजिंक्यताऱ्यावर, यवतेश्वरच्या घाटात फिरायला जाणाऱ्यांनी कुणासोबत, किती वाजेपर्यंत हे घरी सांगून जावं, पुरुषांनीही.

गळ्यातली चेन कुणी मोटारसायकलवरून हिसकली तर सोडा. बायका ती दोन्ही हातांनी घट्ट धरतात, फरफटत जातात आणि डोक्याला मार लागतो. गाडीचा रंग, नंबरातले आठवतील ते आकडे, गेल्याची दिशा, एवढं टिपा. चाकू दिसला तर पर्स त्याच्यापासून लांब फेका आणि उलट्या दिशेला पळा. चाकू हिसकावून घेण्याचे डेमो स्टेजवर छान वाटतात, त्यांवर विसंबू नका.

बोटांच्या फटीत स्कूटीची किल्ली धरून मारायचा सल्ला सगळीकडे फिरतो. त्याने तुमचीच बोटं फाटतात. किल्लीचा खरा उपयोग म्हणजे गाडीपाशी पोहोचायच्या आधी ती हातात तयार असणं. मिरचीचा स्प्रे ठेवायचा असेल तर ठेवा, पण एकदा मोकळ्या मैदानात वाऱ्याची दिशा बघून फवारून पाहा, वरची तारीख बघा, आणि तो पर्सच्या तळाशी टाकू नका.

९. मुलांना घालताना

सहा-सात वर्षांच्या पोराला गळा सोडवण्याचे डाव शिकवण्यात फारसा अर्थ नाही. त्या वयात खेळ, कोलांट्या, पडणं आणि 'मला नको' स्पष्ट म्हणणं पुरे. घरी मात्र त्याला साथ द्या. पाहुण्यांना पापी द्यायला पोरगी तयार नसेल तर 'दे गं, मामाच आहेत' म्हणून रेटू नका. क्लासमध्ये शिकवलेलं तुम्ही घरी पुसून टाकता.

मुलाने काही सांगितलं तर ते ऐकून घ्या, उलटतपासणी घेऊ नका. २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'घरातलं घरात मिटवू' हा पर्याय कायद्याने ठेवलेला नाही. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८.

१०. काही घडलंच तर

आधी सुरक्षित जागी जा, मग ११२. कुठे आहात ते पहिल्या वाक्यात सांगा, बाकी नंतर. हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवत असेल तर झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे शांतपणे सांगा. नोंद झाल्यावर तक्रारदाराला एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या.

लैंगिक हल्ला असेल तर वैद्यकीय तपासणीआधी अंघोळ करू नका, कपडे धुऊ नका. कपडे प्लॅस्टिकमध्ये न भरता कागदी पिशवीत ठेवा. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, तिथे जा. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांवर प्राथमिक आणि वैद्यकीय उपचार मोफत करणं सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांना बंधनकारक आहे.

आणि तुमच्या मैत्रिणीवर असा प्रसंग आला तर 'तू क्लासला जात होतीस ना, मग मारलं का नाहीस?' हे वाक्य चुकूनही तोंडातून काढू नका. भीतीने अंग थिजणं ही शरीराची आपसूक होणारी प्रतिक्रिया आहे, वर्षानुवर्षं सराव केलेल्यांनाही ती होते. तिला विचारा, आता काय हवंय, ठाण्यात सोबत येऊ का, घरी कोण सांगणार. बोलायला माणूस हवं असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवरून सखी वन स्टॉप सेंटरशी जोडून देतात. तिथे समुपदेशन, कायद्याचा सल्ला आणि गरज पडली तर तात्पुरता निवारा, सगळं एकाच जागी आणि मोफत मिळतं.